झाडछाटणीच्या धंद्यासाठी मोठा चिपर घेताना

छाटणीचं काम मिळवणं ही या धंद्यातली सोपी बाजू. मार्च उजाडला की पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांचे सेक्रेटरी स्वतःहून फोन करतात, महापालिकांची पावसाळ्याआधीची छाटणी निघते, विजेच्या तारांखालची कामं निघतात. खरी अडचण फांद्या खाली पडल्यावर सुरू होते. मध्यम वाढीचा रेन ट्री दोन चढणारे गडी दुपारपर्यंत हलका करतात, पण त्याचा पसारा तोडून, रचून, टेम्पोत दाबून नेईपर्यंत संध्याकाळ होते. टेम्पो शिगोशीग भरलेला दिसतो आणि काट्यावर निम्मंही वजन भरत नाही. आपण भाडं हवेचं देत असतो. चिपर म्हणजे फांद्यांचे बारीक तुकडे, म्हणजे चिप्स, करणारं यंत्र. तो घ्यायचा ही हवा काढण्यासाठी.

हे डोक्यात पक्कं बसलं की नवख्या माणसाचा नेहमीचा पहिला प्रश्न, "किती इंची ओंडका घेतो?", आपोआप मागे सरकतो. आपल्याकडे जाड लाकूड चिपरमध्ये घालायचंच नसतं. मांडीएवढ्या ओंडक्याला वखारीत गिऱ्हाईक आहे, स्मशानभूमीला लाकूड लागतं, काही कारखान्यांच्या बॉयलरला लागतं. मुंबईत २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकडावरच्या बेकरी-भट्ट्या बंद करायला सांगितल्यापासून त्या बाजूची मागणी आटली, तरी ओंडका अजून फुकट जात नाही. फुकटातही कोणी नेत नाही ती वेडीवाकडी फांदी, बेचकी, डहाळ्या आणि पाला. मोठा चिपर पारखायचा तो या मालावर.

आधी आपला माल ओळखा

यंत्रांची माहितीपत्रकं मागवण्याआधी एक महिना स्वतःच्या कामांची वही ठेवा. कोणती झाडं, किती टेम्पो भरले, कुठे रिकामे केले, एका खेपेला किती वेळ गेला. शहरात रेन ट्री, गुलमोहर, सोनमोहर, सुबाभूळ, पिंपळ-वड असं मिश्रण येतं. कोकणात वाडीतलं काम असेल तर नारळ-पोफळीच्या झावळ्या आणि आंबा. मराठवाडा-विदर्भात बाभूळ, कडुलिंब, चिंच. या तीन मालांना एकच यंत्र सारखं चालत नाही.

गुलमोहर, पांगारा, शेवगा ही मऊ लाकडं कुठलंही बरं यंत्र खातं. चिंच आणि बाभूळ इंजिनाचा जीव काढतात. नारळाची झावळी हा वेगळाच छळ आहे: लाकूड नाही, नुसता चिवट धागा. पाती जराही बोथट असली की तो कापला न जाता माल आत ओढणाऱ्या रोलरच्या शाफ्टभोवती गुंडाळतो आणि यंत्र थांबवून, किल्ली काढून, कोयत्याने सोडवत बसावं लागतं. झावळ्या सलग घालू नका. दोन झावळ्या, मग एक लाकडी फांदी, असं आलटून पालटून घातलं की फांदी आतला धागा पुढे ढकलत नेते. बांबू कापला जातो, पण त्यातल्या सिलिकामुळे पात्याची धार लवकर जाते. वहीत निम्मं काम झावळ्या-बांबूचं निघालं तर विक्रेत्याशी पहिलं बोलणं त्यावरच करा.

एक खबरदारी आधीच. आपल्या बाजारात चिपर या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. खरा चिपर धारदार पात्यांनी लाकडाचे तुकडे पाडतो. श्रेडर हातोड्यांनी ठेचतो. पाला, भाजीचा कचरा, बारीक काड्या यांना तो ठीक, फांद्यांना नाही. तिसरा प्रकार प्लायवूड आणि ब्रिकेटच्या (भुसा दाबून केलेल्या जळणाच्या विटांच्या) कारखान्यांतला, विजेच्या मोटरवर चालणारा, जमिनीत बोल्टने बसवलेला ड्रम चिपर. त्याची किंमत ऐकून मोह होतो, पण तो सरळ ओंडक्यांसाठी आणि एका जागी राहण्यासाठी बनलेला असतो. रस्त्यावरच्या कामाला चाकांवरचा, स्वतःचे फीड रोलर असलेला चिपरच लागतो.

तोंड आणि रोलर

बारा इंची म्हणून विकलेल्या यंत्राचं आतलं तोंड बारा बाय बारा इंच असू शकतं किंवा बारा बाय सतरा. कागदावर दोन्ही बारा इंचीच. कामावर मात्र फरक जमीन-अस्मानाचा, कारण बेचकं असलेली फांदी आडवी पसरलेली असते. तोंड अरुंद असेल तर प्रत्येक बेचकं चेनसॉने वेगळं करावं लागतं, म्हणजे एक माणूस आणि एक करवत त्यातच अडकली. फांद्या घालायचा बाहेरचा हॉपर कितीही मोठा आणि ऐटदार दिसो, टेप लावायची ती रोलरपाशी, आतल्या तोंडाला. रुंदी आणि उंची दोन्ही लिहून घ्या.

रोलर हायड्रॉलिक मोटरवर चालणारे हवेत. वरचा रोलर वर-खाली होणारा, आणि मोठ्या यंत्रात तो हायड्रॉलिक दाबाने खाली आवळता येणारा असावा. हा दाबच पसरलेली फांदी चुरगाळून आत घेतो. नुसत्या स्प्रिंगवर असलेला रोलर सरळ काठीला पुरतो, गुलमोहराच्या छत्रीपुढे मात्र तो नुसता वर उचलला जातो आणि जागच्या जागी घासत राहतो. रोलरचे दात पाहा, आणि उलट फिरवण्याची सोय लिव्हरवर हाताशी आहे का तेही पाहा.

दुसरी अत्यावश्यक गोष्ट म्हणजे ऑटो-फीड. इंजिनाचे फेरे ठरावीक पातळीखाली उतरले की ही यंत्रणा रोलर थांबवते, काही यंत्रांत थोडं मागे घेते, आणि फेरे परत चढले की पुन्हा सुरू करते. ती नसेल तर नवा हेल्पर दिवसातून अनेकदा पात्यांचा ड्रम अडकवणार हे नक्की. विक्रेता "ऐच्छिक" म्हणून तिचे वेगळे पैसे सांगेल. द्या.

डिस्क की ड्रम

डिस्क चिपरमध्ये जड चकतीच्या तोंडावर पाती बसवलेली असतात. फांदी चकतीवर येऊन कापली जाते आणि चकतीमागचे पंखे चिप्स लांब फेकतात. चिप्स एकसारख्या निघतात, रचना साधी, धार लावायला सोपी. ड्रम चिपरमध्ये पाती आडव्या नळकांड्यावर असतात. त्याचं तोंड रुंदीला वाढवता येतं, फांद्यांचा गठ्ठा तो एकदम घेतो, आणि मोठ्या आकारात तो डिस्कपेक्षा आटोपशीर राहतो.

सहा-आठ इंचांपर्यंत डिस्क उत्तम. बारा इंच आणि पुढे, आपल्या वेड्यावाकड्या मालासाठी, मी ड्रमच घेईन. अपवाद एकच: चिप्स विकण्याचा धंदा करायचा असेल आणि गिऱ्हाईक एकसारखा आकार मागत असेल तर मोठ्या डिस्कचा विचार करा.

ताकद कुठून घ्यायची

गावाकडे आणि तालुक्याच्या ठिकाणी ट्रॅक्टरच्या पीटीओवर (इंजिनाची ताकद बाहेर देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारा चिपर फार सोयीचा. ट्रॅक्टर घरचा असतो, मिस्त्री चौकात असतो, मागे ट्रॉली जोडता येते. पण ५० एचपीच्या ट्रॅक्टरचे पीटीओवर चाळीस-बेचाळीसच्या आसपास मिळतात हे धरून चाला. एवढ्यावर सहा ते आठ इंची यंत्र मनापासून चालतं, बारा इंची नाही. विक्रेता चालवून दाखवेल, पण सावरीच्या मऊ फांदीवर. पीटीओच्या शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण तुटलं तर त्याच दिवशी बदलायचं. त्या फिरत्या शाफ्टने शेतात किती जणांचे कपडे आणि हात ओढले आहेत हे कुठल्याही गावात विचारा.

बारा इंची ड्रमला स्वतःचं डिझेल इंजिन, साधारण ७५ ते १२० एचपी. पंधरा-अठरा इंचांना त्याहून पुष्कळ जास्त. पूर्ण भारावर १०० एचपीचं डिझेल इंजिन तासाला सुमारे २० लिटर पितं. प्रत्यक्षात यंत्र सतत पूर्ण भारावर नसतं, कारण फांद्या ओढून आणणारी माणसं तेवढी वेगवान नसतात, तेव्हा खर्च बराच खाली येतो. हीच गोष्ट उलटीही वाचा: चार माणसांच्या टोळीला अठरा इंची यंत्र दिलं तर ते बहुतेक वेळ रिकामं गुरगुरत राहील.

इंजिन कोणत्या कंपनीचं हा प्रश्न चिपर कोणत्या कंपनीचा या प्रश्नाइतकाच मोठा आहे. आपल्याकडे जनरेटर, ट्रॅक्टर किंवा जेसीबीत जे इंजिन चालतं त्याचा फिल्टर आणि मिस्त्री जिल्ह्याच्या गावी मिळतो. अमेरिकेतल्या व्हर्मीर, बँडिट, मॉरबार्क या मोठ्या चिपरमधल्या नावाजलेल्या कंपन्या. यंत्रं दणकट, शंका नाही. पण पातं, बेअरिंग, हायड्रॉलिक मोटर, कंट्रोल बोर्ड यातलं काय भारतात साठ्यात आहे याची लेखी यादी मागा. मे महिन्यात तीन आठवडे सुट्या भागाची वाट पाहणं म्हणजे हंगाम गेला. देशी यंत्र घेणार असाल तर वेल्डिंग, ड्रमचा समतोल आणि सुरक्षेच्या सोयी डोळ्यांत तेल घालून तपासा. त्यातले बरेच भाग तुमच्या टर्नरकडेही बनतात हा त्यांचा मोठा गुण.

रेडिएटर विसरू नका. उन्हाळ्यात, ४२-४३ अंशांत, चिपरभोवती भुशाची धूळ उडते आणि जाळी बंद होते. जाळी हाताने काढून झटकता येते की त्यासाठी चार बोल्ट खोलावे लागतात, हे खरेदीआधी स्वतः करून बघा. दिवसातून दोनदा करायचं काम अवघड असेल तर ते कोणी करत नाही. साठलेला भुसा एक्झॉस्टपाशी पेटतो, हा दुसरा भाग.

डेमो आपल्या मालावर

विक्रेत्याच्या आवारात नीलगिरीच्या सरळसोट काठ्या रचलेल्या असतात. त्या बाजूला ठेवायला सांगा आणि आपला टेम्पो उलटा लावा: रेन ट्रीची बेचकी, सकाळी तोडलेल्या ओल्या डहाळ्या, डझनभर झावळ्या, चिंचेची एक जाड फांदी. दोन तास सलग चालवा. पहिल्या दहा मिनिटांत सगळीच यंत्रं छान असतात.

पाहायचं काय? रोलर फांदी पकडतो की घासतो. ऑटो-फीड किती वेळा थांबवतं आणि फेरे किती पटकन परत येतात. चिप्स टेम्पोच्या हौद्यात पुढपर्यंत पडतात की मागच्या फळीवर ढीग होतो. ओला पाला फेकनळीत चिकटतो का. पावसाळ्यात आणि हिरव्यागार मालात नळी तुंबणं ही नेहमीची डोकेदुखी. दोन तासांनी हायड्रॉलिक तेल किती तापलं, पट्टे घसरले का, बेअरिंगच्या घरावर हात ठेवता येतो का. आणि शेवटी विक्रेत्याच्या माणसाला एक पातं काढून परत बसवायला सांगा. घड्याळ लावा.

जुनं यंत्र घेत असाल तर तास दाखवणाऱ्या मीटरवर फार विश्वास ठेवू नका. पाती बसतात त्या खाचा झिजल्या आहेत का, ड्रमच्या डब्यावर आतून वेल्डिंगची ठिगळं आहेत का, बंद यंत्राच्या ड्रमला हाताने हलवून बेअरिंगमध्ये खेळ आहे का, हे पाहा. आतून ठिगळ म्हणजे कधीतरी लोखंड आत गेलेलं आहे.

पाती

चिपर चालतो तो धारेवर, एचपी नंतर. चिप्सऐवजी भुसा आणि दोऱ्या निघायला लागल्या, ऑटो-फीड सारखं थांबवायला लागलं, डिझेल वाढलं, की पाती बोथट झाली. दोन्ही बाजूंना धार असलेली, उलटून लावता येणारी पाती घ्या. एक संच यंत्रात, एक धार लावून डब्यात, एक धारवाल्याकडे असे तीन संच हवेत. धार पाणी सोडणाऱ्या सरफेस ग्राइंडरवर लावायची. हातातल्या ग्राइंडरने पातं तापून निळं पडतं आणि त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं, मग ते तासाभरात जातं.

पाती एकेक बदलू नका, पूर्ण संच बदला. एक पातं दुसऱ्यापेक्षा हलकं झालं की ड्रम थरथरतो आणि बेअरिंग खातो. बोल्ट टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), पुस्तिकेतल्या मापानेच आवळायचे. फिरत्या पात्याच्या समोर खाली जे स्थिर पातं असतं, ज्याला बेड नाईफ म्हणतात, त्याच्याशी असलेली फट काही मिलिमीटरच असते. ती फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासायची. नवी धार लावूनही माल फाटका निघत असेल तर दोष बहुधा या फटीत असतो.

शहरी झाडांत धातू असतो. जाहिरातीच्या पाट्यांचे खिळे, केबलवाल्यांच्या तारा, दिवाळीच्या माळांचे हूक. पुण्यात झाडं खिळेमुक्त करायच्या मोहिमा निघाल्या त्या उगाच नाहीत. रस्त्याकडेच्या झाडाचा खालचा भाग चिपरमध्ये न घालता ओंडका म्हणूनच बाजूला काढा.

माणसं सुरक्षित ठेवणाऱ्या गोष्टी

मोठ्या चिपरचे रोलर माल मिनिटाला ३० मीटरच्या आसपास आत ओढतात, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. फांदीत अडकलेला हात रोलरपाशी पोचायला एक-दोन सेकंद. ओरडायलाही तेवढा वेळ पुरत नाही. म्हणून पुढच्या गोष्टी नसलेलं यंत्र कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

हॉपरच्या तोंडाभोवती शरीराच्या धक्क्याने रोलर थांबवणारा किंवा उलटा फिरवणारा दांडा. हॉपरच्या आत, हाताला लागेल अशी, ओढली की रोलर थांबवणारी शेवटच्या क्षणाची दोरी. लांब फीड टेबल, उभ्या माणसाचा हात रोलरला पोचणारच नाही इतकं. ड्रमच्या झाकणाला कुलूप किंवा इंटरलॉक, म्हणजे ड्रम फिरत असताना झाकण उघडू न देणारी सोय. इंजिन बंद केल्यावरही जड ड्रम बराच वेळ फिरत राहतो, आवाज थांबला म्हणून झाकण उघडणाऱ्यांचे हात गेलेले आहेत. युरोपातल्या ईएन १३५२५ या मानकाप्रमाणे बनलेल्या यंत्रात यांतल्या बऱ्याच गोष्टी मुळातच असतात. आयात यंत्र घेताना ते प्रमाणपत्र मागा.

बाकीचं तुमच्या मुकादमावर आहे. आपल्याकडे फांद्या ओढायला बऱ्याचदा साडी नेसलेल्या बायका असतात, गड्यांच्या गळ्यात गमछा असतो. यातलं कोणीही हॉपरपाशी जाता कामा नये. त्यांनी माल ढिगापर्यंत आणायचा, आत घालायला दोन ठरलेली माणसं, अंगाला चिकटून बसणारे कपडे, हेल्मेट, चेहऱ्यावर जाळी, कानाला मफ. मनगटावर सैल कफ असलेले हातमोजे नकोत. चढणाऱ्याचा दोर पिशवीतच राहील, फांद्यांच्या ढिगात नाही. दोराचं टोक फांदीबरोबर आत गेलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस झाडावर असतो. बुंध्याकडची बाजू आधी, बाजूला उभं राहून घालायची, आणि रोलरने पकडली की सोडून दूर व्हायचं. बारीक काटक्या लाकडी दांड्याने ढकला. पायाने कधीच नाही.

अमेरिकेत बनलेलं यंत्र असेल तर कंट्रोल कोणत्या बाजूला आहेत ते पाहा. तिथे वाहतूक उजव्या बाजूने चालते, म्हणून फुटपाथ उजवीकडे धरून रचना केलेली असू शकते. आपल्या रस्त्यावर तीच बाजू गाड्यांची होते. डावीकडून चालवता येत नसेल तर दुसरं यंत्र पाहा.

गाडी, रस्ता, कागद

वाहनाची रुंदी २.६ मीटरच्या आत असावी लागते हे ठीक, पण पेठांतल्या गल्ल्या आणि सोसायट्यांची फाटकं त्याहून कडक असतात. नेहमीच्या दहा ठिकाणांची फाटकं मोजून घ्या. कोकणातल्या वाड्यांत तर चाकांचा मोठा चिपर बांधावरच थांबतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन-दिवेआगरकडे जी झाडं आडवी झाली, त्यांतली पुष्कळशी अशाच जागी होती. तिथे विंच (दोरी गुंडाळून फांदी ओढून आणणारी चरखी) असलेलं यंत्र उपयोगी पडतं, पण विंचची दोरी गुंडाळून जागेवर बसल्याशिवाय रोलर सुरू होणार नाही अशी सोय त्यात हवी.

ट्रेलरची आरटीओ नोंदणी कोण करून देणार, ब्रेक कोणता, हुक कोणता, ओढणाऱ्या गाडीची क्षमता किती, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. टेम्पोचं गणितही करा. १० फूट लांब, ६ फूट रुंद हौद्याला ५ फुटी फळ्या लावल्या की ३०० घनफूट, म्हणजे साडेआठ घनमीटर. ओल्या चिप्स घनमीटरला साधारण ३०० किलो, म्हणजे अडीच टन. फांद्या नेताना वजनाची चिंता नव्हती. चिप्स नेताना आरसी बुकातला आकडा पाहूनच फळ्यांची उंची ठरवा.

परवानगीचं पत्र साइटवरच ठेवा. १९७५ च्या झाडांच्या संरक्षण कायद्याखाली शहरात वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि चिपरने सगळ्याचा भुगा केल्यावर किती छाटलं हे दाखवायला काही उरत नाही. आधी-नंतरचे फोटो काढा. रात्री १० ते सकाळी ६ यंत्र चालवू नका, शेजाऱ्यांची तक्रार पोलिसांत जायला वेळ लागत नाही.

चिप्सचं काय, आणि पैसे कधी फिटतील

मोकळ्या फांद्यांच्या ढिगाचे चिप्स केल्यावर आकारमान पाव ते दहावा हिस्सा होतं. जितका माल पसरट, तितकी बचत जास्त. सगळ्यात चांगली खेप ती, जी करावीच लागत नाही. सोसायटीला विचारा: चिप्स इथेच झाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून टाकू का? ओल्या कचऱ्याच्या खताच्या खड्ड्याला कोरडा माल हवाच असतो. रोपवाटिका आणि फळबागवाले नेतात. ब्रिकेटवाले घेतात, पण ओल्या चिप्समध्ये निम्मं वजन पाण्याचं असतं आणि ते तेवढे कापून घेतात. विक्रीचं उत्पन्न हिशोबात शून्य धरा, आलं तर आलं. मोठा ढीग महिनोन् महिने ठेवू नका, तो आतून तापतो.

आता वही काढा. महिन्याच्या टेम्पो-खेपा, त्यांचं भाडं, भरण्याची मजुरी एका बाजूला. दुसऱ्या बाजूला हप्ता, डिझेल, पाती, विमा आणि यंत्र सांभाळणाऱ्या माणसाचा बारा महिन्यांचा पगार, कारण चिपरचा ऑपरेटर हंगामी ठेवून चालत नाही. पहिली बाजू फक्त मार्च ते जून या महिन्यांतच जड ठरत असेल, तर अजून थांबा आणि एक हंगाम भाड्याच्या यंत्रावर काढा. पालिकेच्या टेंडरची बिलं धरून हप्ता ठरवू नका. ती निघतात, पण हप्त्याच्या तारखेला निघत नाहीत.

विकत घेतलंत तर पहिल्या दिवशी ड्रमचे आणि पात्यांचे बोल्ट पुन्हा आवळून बघा, पहिल्या आठवड्यात पट्ट्यांचा ताण, आणि पहिलं हायड्रॉलिक तेल पुस्तिकेत लिहिलेल्या तासांना बदला. नव्या यंत्रातला लोखंडाचा बारीक चुरा त्या पहिल्या तेलातच असतो.